दोन बिंदूंमधील अंतर : खोपोलीचे वीजगृह आणि व्होल्ट या एककाचा इतिहास

गोषवारा

व्होल्ट या एककाचा इतिहास प्रायः युरोपातील प्रयोगशाळा आणि परिषदा यांच्या आधारे सांगितला जातो. प्रस्तुत लेखात हा इतिहास रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राच्या संदर्भात तपासला आहे. व्होल्ट ही एखाद्या तारेत 'असणारी' वस्तू नसून दोन बिंदूंमधील फरकाचे माप आहे. ही बाब समजून घेतल्यास खोपोलीची वीज मुंबईला एक लाख व्होल्टने का न्यावी लागली आणि मधल्या प्रदेशाशी तिचे नाते कसे राहिले, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होतो, अशी या लेखाची मांडणी आहे.

बीजशब्द : व्होल्ट, विभवांतर, जलविद्युत, पारेषण, खोपोली, बोरघाट.

प्रस्तावना

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोली शहराच्या हद्दीत शिळफाटा हा नाका आहे. (ठाणे जिल्ह्यातील कल्याणजवळचा याच नावाचा फाटा वेगळा, दोहोंची गल्लत वारंवार होते.) या नाक्यावरून ये-जा करणाऱ्यास पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर लोणावळा-खंडाळ्याचे पठार आहे आणि पायथ्याशी पाताळगंगेचे खोरे. माथा आणि पायथा यांच्यातील सुमारे सव्वापाचशे मीटरच्या या उंचीवर मुंबईच्या गिरण्या चालवण्याची योजना विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आखली गेली आणि पारही पडली. भारतीय उद्योगाच्या इतिहासात या योजनेचा उल्लेख टाटा घराण्याच्या कर्तृत्वाचा एक अध्याय म्हणून नेहमी येतो. भौतिकशास्त्राच्या इतिहासात मात्र खोपोलीचे नाव येत नाही. ते यावे असे येथे सुचवायचे नाही, कारण खोपोलीत व्होल्टविषयी कोणताही नवा शोध लागलेला नाही. परंतु प्रयोगशाळेत जन्मलेले एकक एखाद्या भूप्रदेशात उतरते तेव्हा त्याचा अर्थ कसा पक्का होतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रात याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात व्होल्टची व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते, पण उमगलेली असतेच असे नाही, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे. 'या तारेत अकरा हजार व्होल्ट आहेत' हे वाक्य सुशिक्षित माणूसही सहज बोलतो. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ते वाक्य अपुरे आहे. कोणत्या दोन बिंदूंमध्ये, हे त्यात सांगितलेलेच नसते.

एका शब्दाचा प्रवास

अलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) हा उत्तर इटलीतील कोमो येथील शास्त्रज्ञ. लुइजी गॅल्व्हानीच्या बेडकांवरील प्रयोगांतून निर्माण झालेला वाद सोडवताना त्याने दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून सतत विद्युतधारा देणारी चळत तयार केली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्रातून त्याने हा शोध कळवला. चळत जितकी उंच तितका तिचा प्रभाव मोठा, हे त्याच्या ध्यानात आले होते. या प्रभावासाठी त्याने 'ताण' या अर्थाचा इटालियन शब्द वापरला. इंग्रजीत तो 'टेन्शन' झाला. खालापूर-कर्जत परिसरातील वायरमन आजही 'एच. टी. लाइन' किंवा 'हायटेन्शन' म्हणतो, तेव्हा नकळत व्होल्टाचाच शब्द उच्चारत असतो. मराठी घरांत याच शब्दाला काळजीचा जो अर्थ प्राप्त झाला आहे तो अर्थातच निराळा.

व्होल्टाच्या हाती ताणाची कल्पना होती, परंतु तिचे गणित नव्हते. ते दुसऱ्याच वाटेने आले. विद्युत आणि चुंबकत्वाच्या गणिती विवेचनासाठी जॉर्ज ग्रीन याने १८२८ मध्ये 'विभव-फलन' ही संज्ञा योजली. त्याच्या आदल्या वर्षी, १८२७ मध्ये, गेऑर्ग ओहम याने विद्युतधारेचा नियम मांडला होता. पण त्याच्या मांडणीतील विद्युत-बलाची कल्पना ग्रीनच्या विभवाशी जुळत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे गुस्ताव्ह किर्खोफ याने १८४९ मध्ये दाखवून दिले. चळत तयार झाल्यापासून तिच्या 'ताणा'चा नेमका अर्थ लागेपर्यंत अर्धे शतक गेले, ही बाब विद्यार्थ्यांच्या गोंधळाकडे थोड्या सहानुभूतीने पाहण्यास पुरेशी आहे.

एककाची गरज तत्त्वज्ञांपेक्षा तारायंत्राच्या अभियंत्यांना अधिक भासली. समुद्राखालून टाकलेली केबल कोठे तुटली हे किनाऱ्यावर बसून शोधायचे तर सर्वांची मापे एकसारखी हवीत. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तारायंत्र-अभियंत्यांनी विद्युत एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असा प्रस्ताव ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडला. गमतीची गोष्ट अशी की, त्यांनी 'व्होल्ट' हे नाव सुचवले ते रोधाच्या एककासाठी. पुढे नावांची अदलाबदल झाली. १८७३ पर्यंत ब्रिटिश असोसिएशनने व्होल्ट, ओहम व फॅरड यांच्या व्याख्या निश्चित केल्या, आणि १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्टला विद्युतचालक बलाचे एकक म्हणून मान्यता दिली.

आजच्या भाषेत ही व्याख्या साधी आहे. एक कूलोम विद्युतभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना एक ज्यूल ऊर्जेची देवघेव होत असेल, तर त्या दोन बिंदूंमधील विभवांतर एक व्होल्ट. 'एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत' हे शब्द व्याख्येतून वगळले तर हाती काहीच उरत नाही.

घाटाची उंची : अडथळा आणि भांडवल

खोपोलीच्या इतिहासात उंचीचा फरक हा प्रथम अडथळा म्हणूनच येतो. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. घाट चढून जाणारा लोहमार्ग पूर्ण होण्यास १८६३ साल उजाडले. मधल्या काळात प्रवासी आणि माल खोपोलीला उतरून घाट चढत. चढ इतका तीव्र होता की, लोहमार्गावर गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधावे लागले. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याच्या दृष्टीने ही उंची म्हणजे खर्च होती.

मुंबईच्या कापड गिरण्या त्या काळी दुरून आणलेल्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी साठवून ते कोकणात सोडले तर त्यापासून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद व अभियंता डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यानजीक वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठ्याचा प्रारंभ झाला. लोणावळा, वळवण व शिरवटा या जलाशयांतील पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणून पोलादी नळांतून खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले.

येथे घाटाची उंची प्रथमच मोजमापाच्या अर्थाने भांडवल ठरली. एक किलोग्रॅम पाणी सव्वापाचशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ५,१५० ज्यूल ऊर्जा उपलब्ध होते. नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५२ किलोग्रॅम भार इतका दाब असतो आणि तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण वगळल्यास, सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो. हे पाणी पेल्टन चक्राच्या पेल्यांवर आदळते, चक्र जनित्राला फिरवते, आणि काम संपलेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते.

व्होल्ट शिकवताना पाण्याचे उदाहरण सर्वच पाठ्यपुस्तके देतात. उंचीवरील टाकी, खाली नळ, असे एक चित्र असते. खोपोलीत ते चित्र सव्वापाचशे मीटर उंचीचे आहे, म्हणून त्यातील बारकावे अधिक स्पष्ट दिसतात. खालची झडप पूर्ण बंद असली तरी तळाशी दाब असतोच. प्रवाह नाही म्हणून दाब नाही असे होत नाही. घरातील प्लगमध्ये काहीही जोडलेले नसताना तेथील दोन छिद्रांमध्ये विभवांतर असते, ते याच अर्थाने. झडप उघडून पाणी वाहू लागले की नळातील घर्षणामुळे तळाचा दाब थोडा घटतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वाहिनीच्या टोकाच्या गावात पंखा मंदावतो आणि लोक 'होल्टेज नाही' म्हणतात, त्याचे कारण याच जातीचे आहे. आणि ५,१५० ज्यूल हा आकडा केवळ खंडाळ्याचा नाही किंवा केवळ खोपोलीचा नाही. तो दोहोंमधील आहे. खंडाळ्याच्या तळ्यात साठलेल्या पाण्याला खंडाळ्यापुरती काहीच 'उंची' नसते.

हे साम्य कोठे तुटते, हेही सांगितले पाहिजे. वापरलेले पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे निघून जाते. विद्युतभार मात्र परिपथातच राहतो, आणि खोपोलीसारख्या प्रत्यावर्ती धारेच्या केंद्रात तर तो जागच्या जागी पुढे-मागे हलतो. परळच्या गिरणीला खोपोलीहून 'वीज येते' ती ऊर्जा असते. इलेक्ट्रॉन येत नाहीत.

एक लाख व्होल्ट कशासाठी

खोपोलीपासून परळच्या ग्रहण केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ४३ मैल, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर. हे अंतर सुमारे एक लाख व्होल्टने पार करण्यात आले. त्या काळाच्या मानाने हा आकडा केवढा होता याची कल्पना काही तुलनांवरून येईल. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रांकफुर्ट या १७५ किलोमीटर अंतरावर पंधरा हजार व्होल्टने वीज नेऊन दाखवली, तेव्हा युरोपभर तिची चर्चा झाली. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना १९०२ पासून वीज जात होती. अंतर सुमारे ९२ मैल आणि विभवांतर तीस-पस्तीस हजार व्होल्टच्या घरात. जर्मनीतील पहिली एक लाखावरील वाहिनी १९१२ मध्ये सुरू झाली. म्हणजे खोपोली त्या वाटेवर अवघी तीन वर्षे मागे होती.

इतका मोठा आकडा निवडण्यामागील कारण शुद्ध आर्थिक होते, आणि ते समजण्यास शालेय गणित पुरते. समजा, दहा हजार किलोवॅट शक्ती एका तारेने पाठवायची आहे आणि तारेचा एकूण रोध दहा ओहम आहे. (प्रत्यक्षात तीन तारांची त्रिकला पद्धत असते, परंतु तत्त्व बदलत नाही.) विभवांतर पाच हजार व्होल्ट ठेवले तर विद्युतधारा दोन हजार अँपिअर लागेल. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध इतकी, म्हणजे चाळीस हजार किलोवॅट येते. पाठवायचे दहा हजार आणि वाटेत गमवायचे चाळीस हजार! याचा अर्थ असे वहन शक्यच नाही. आता विभवांतर एक लाख व्होल्ट करावे. विद्युतधारा शंभर अँपिअरवर येते आणि नुकसान शंभर किलोवॅटवर, म्हणजे एक टक्क्यावर. विभवांतर वीसपट केल्याने नुकसान चारशेपट कमी झाले. पाच हजार व्होल्टवरच हे साधायचे असते तर तारेची जाडी, म्हणजे तिचे छेदक्षेत्र, चारशेपट करावे लागले असते, आणि तेवढ्या तांब्याची किंमत कोणत्याही गिरणीमालकाला परवडली नसती.

वर्गात नेमकी येथेच एक शंका निघते आणि ती रास्त असते. ओहमच्या नियमाप्रमाणे विभवांतर वाढले की विद्युतधारा वाढते; मग येथे व्होल्ट वाढवल्यावर अँपिअर कमी कसे झाले? या शंकेचे उत्तर 'कोणत्या दोन बिंदूंमध्ये' या प्रश्नात आहे. एक लाख व्होल्ट हे तारेच्या खोपोलीतील टोक आणि परळमधील टोक यांच्यातील विभवांतर नव्हे. ते वाहिनीतील एक तार आणि दुसरी तार यांच्यातील आहे. एकाच तारेच्या दोन टोकांमधील फरक वरील उदाहरणात शंभर अँपिअर गुणिले दहा ओहम, म्हणजे केवळ एक हजार व्होल्ट आहे. परळला नव्व्याण्णव हजार पोहोचतात. ओहमचा नियम या एक हजाराला लागू पडतो. अनेक क्रमिक पुस्तकांत ही दोन विभवांतरे एकाच अक्षराने दाखवली जातात आणि ती वेगळी असल्याचा उल्लेखही नसतो. विद्यार्थी गोंधळतो तो त्याच्या मंदपणामुळे नव्हे.

हेच तत्त्व कर्जत-खोपोलीच्या प्रवाशाने रेल्वेतही अनुभवले आहे. मुंबईत विजेवरील रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्ट एकदिश धारेवर सुरू झाली, आणि त्याच पद्धतीने पुढे काही वर्षांतच बोरघाटातून पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाले. विभवांतर कमी असल्याने विद्युतधारा मोठी लागे, तारा जाड ठेवाव्या लागत आणि उपकेंद्रे जवळजवळ बांधावी लागत. मुंबई विभागात २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारेकडे झालेले संक्रमण २०१६ मध्ये पूर्ण झाले. खोपोली-परळ वाहिनीने १९१५ मध्ये जो हिशेब मांडला होता, तोच येथे शतकभराने पुन्हा मांडला गेला.

तारांखालचा प्रदेश

एक लाख व्होल्ट या निवडीचा दुसरा परिणाम मात्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत फारसा येत नाही. वाहिनी जितक्या उच्च दाबाची, तितकी ती वाटेत थांबू शकत नाही. एखाद्या वाडीला दिवे द्यायचे तर एक लाख व्होल्टवरून दोनशे-अडीचशे व्होल्टपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरावे लागते. प्रत्येक टप्प्यावर रोहित्र, स्विचगिअर आणि जागा लागते. पन्नास-शंभर दिव्यांसाठी असा खर्च कोणतीही खाजगी कंपनी करणार नाही. योजनेची आखणीच गिरण्यांच्या मागणीवर झालेली होती. त्यामुळे खोपोली ते मुंबई या पट्ट्यातील गावांच्या दृष्टीने वाहिनी ही डोक्यावरून जाणारी वस्तू ठरली. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. तो त्या आकड्याचाच गुणधर्म होता. परंतु 'विजेचे आगमन' या शीर्षकाखाली खोपोलीचा इतिहास लिहिताना वीज खोपोलीत आली की खोपोलीतून गेली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१९१५ नंतर हाच नमुना सह्याद्रीत दोनदा वापरला गेला. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे उतरवून १९२२ मध्ये दुसरे केंद्र सुरू झाले. तिसरे केंद्र भिरा येथे १९२७ मध्ये सुरू झाले; त्यासाठी मुळा नदीवर मुळशीचे धरण बांधले गेले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात केलेला सत्याग्रह सर्वज्ञात आहे, आणि त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी त्यातूनच मिळाली. या सत्याग्रहाविषयी बरेच लेखन झाले असले, तरी त्याची विजेच्या दृष्टीने मांडणी क्वचितच होते. जमीन एका ठिकाणी बुडते, वीजगृह दुसऱ्या ठिकाणी उभे राहते आणि यंत्र तिसऱ्याच ठिकाणी फिरते, हे केवळ उच्च विभवांतरामुळे शक्य झाले. पाच हजार व्होल्टच्या जगात धरणाची वीज धरणाच्या परिसरातच वापरावी लागली असती आणि गिरण्यांना घाटाखाली यावे लागले असते. मावळातील शेतकरी व मुंबईचा गिरणी कामगार यांच्या नात्यातही अशा रीतीने व्होल्ट आला.

पाण्याच्या बाबतीतही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. लोणावळा-वळवणचे पाणी निसर्गतः इंद्रायणीचे. ते भीमा व कृष्णा यांच्यामार्फत बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. वीजगृहासाठी ते पश्चिमेकडे वळवले गेले आणि पाताळगंगेच्या खोऱ्याला बारमाही प्रवाह मिळाला. खालापूर-रसायनी परिसरातील उद्योगांना पुढे त्याचा लाभ झाला. कृष्णा खोऱ्यातील टंचाईच्या संदर्भात या वळवलेल्या पाण्याचा प्रश्न आजही उपस्थित केला जातो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दाब, विभव, वर्चस्

मराठीत या कल्पनेसाठी एकच शब्द स्थिर झालेला नाही. शालेय व विद्यापीठीय पुस्तकांत 'विभव' व 'विभवांतर' हे शब्द रूढ आहेत. मराठी विश्वकोशातील नोंदींत 'वर्चस्' हा शब्द येतो. वीज वितरणाच्या व्यवहारात मात्र 'दाब' हाच शब्द चालतो. महावितरणच्या देयकांत व परिपत्रकांत ग्राहक 'उच्चदाब' किंवा 'लघुदाब' असतो. त्या काळच्या इंग्रजी अभियांत्रिकी लेखनातही 'प्रेशर' हा शब्द विजेसाठी सर्रास वापरला जात असे.

'दाब' हा शब्द अशास्त्रीय आहे असा आक्षेप घेतला जातो. भौतिकशास्त्रात दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, आणि विभवांतर म्हणजे एकक भारामागील ऊर्जा. दोहोंची परिमाणे भिन्न आहेत. हा आक्षेप बरोबर असला तरी प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने 'दाब' या शब्दाचा खरा दोष वेगळा आहे. दाब एका ठिकाणी असू शकतो; फरकाची कल्पना त्या शब्दात नाही. 'विभवांतर' या शब्दात 'अंतर' आहे, आणि 'अंतर' या मराठी शब्दाला फरक व दूरत्व असे दोन्ही अर्थ आहेत. खोपोलीच्या संदर्भात हा योगायोग विशेष अर्थपूर्ण वाटतो. विश्वकोशाचा 'वर्चस्' हा शब्द तेज सुचवतो. तो देखणा आहे, पण वर्गात टिकला नाही. व्यवहारात 'दाब' आणि अध्यापनात 'विभवांतर' ही विभागणी आता बदलेल असे दिसत नाही. ती बदलावी यासाठी शक्ती खर्च करण्यापेक्षा, दाब म्हटले की 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरेल.

कायद्याने ही तुलना गृहीत धरलेली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत २५० व्होल्टपर्यंत लघु, ६५० पर्यंत मध्यम, ३३,००० पर्यंत उच्च आणि त्यापुढे अतिउच्च दाब अशी वर्गवारी होती. अतिउच्च दाबाच्या तारेची जमिनीपासूनची उंची किमान ५.२ मीटर, आणि ३३,००० च्या पुढील प्रत्येक ३३,००० व्होल्टला किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर अधिक, असा दंडक होता. (२०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी या नियमांची जागा घेतली.) तारेवर बसलेला पक्षी सुरक्षित राहतो आणि तारेखाली लांब पोलादी पाइप उभा धरणारा मजूर राहत नाही, याचे कारण दोन बिंदू. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच विभवावर असतात. मजुराचा दुसरा बिंदू जमीन असतो.

एककाचे बदलते मोल

इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. १९१५ चा व्होल्ट आणि आजचा व्होल्ट तंतोतंत एक नाहीत. १८९३ च्या शिकागो परिषदेने व्होल्ट हा क्लार्क घटाच्या आधारे ठरवला. १५ अंश सेल्सिअसला त्या घटाचे विद्युतचालक बल १.४३४ व्होल्ट मानायचे, असे ठरले. १९०८ च्या लंडन परिषदेनंतर वेस्टन घट हा व्यावहारिक आधार झाला. २० अंशाला त्याचे मूल्य १.०१८३ व्होल्ट मानले गेले. यातून सिद्ध झालेल्या एककास 'आंतरराष्ट्रीय व्होल्ट' म्हणत. खोपोलीचे वीजगृह सुरू झाले तेव्हा जगभर हाच व्होल्ट प्रमाण होता. १ जानेवारी १९४८ पासून तो रद्द होऊन यांत्रिक एककांवर आधारलेला 'निरपेक्ष व्होल्ट' स्वीकारला गेला. एक आंतरराष्ट्रीय व्होल्ट म्हणजे सुमारे १.०००३४ निरपेक्ष व्होल्ट.

ब्रायन जोसेफसन याने १९६२ मध्ये वर्तवलेल्या परिणामामुळे घटांची जागा अतिवाहकांच्या जोडांनी घेतली. या जोडांत विभवांतर हे थेट कंप्रतेवरून मिळते. १९९० पासून त्यासाठी जगभर एकच स्थिरांक वापरला जाऊ लागला, आणि २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनचा भार यांची मूल्ये निश्चित करून व्होल्टला त्यांच्याशी जोडण्यात आले. या शेवटच्या बदलाने प्रमाण व्होल्ट सुमारे एक कोटी भागांत एक भाग इतका सरकला. भारतात विभवांतराचे राष्ट्रीय प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जोसेफसन परिणामाच्या आधारे राखले जाते.

खोपोली-परळ वाहिनीच्या एक लाख व्होल्टला हे बदल लावून पाहता येतात. १९४८ च्या बदलाने त्या आकड्यात सुमारे ३४ व्होल्टची भर पडते. २०१९ च्या बदलाचा परिणाम एका व्होल्टच्या शंभराव्या भागाएवढा आहे. वाहिनीवरचा भार कमी-अधिक झाला की याहून कितीतरी मोठे चढउतार रोज होत असणार. म्हणून परळच्या गिरणीतील मोटारीला यांपैकी कोणताच फरक जाणवला नसता. जुन्या अहवालांतील आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडणाऱ्या अभ्यासकाने मात्र १९४८ पूर्वीच्या आकड्यापुढे 'आंतरराष्ट्रीय व्होल्ट' असे लिहिणे योग्य ठरेल.